उलट्या ज्योतीची काच

अमरावतीत वलगाव रोडवरच्या एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी चार वाजता मुद्दाम अंधार केला होता. खिडक्यांना काळे पडदे, दाराला काळा पडदा, पंखे बंद. बाहेर मार्चचं ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि आत तीन-चारशे माणसं घाम पुसत, एकमेकांच्या पायांवर पाय देत बसली होती. मंचावर काळं कापड. त्यावर एका बाईचा हार घातलेला फोटो आणि फोटोच्या खाली, थोड्या उजवीकडे, तीन मेणबत्त्या. समोर तिपाईवर कॅमेरा. कॅमेऱ्याला जे दिसत होतं, ते मागच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं.

आणि पडद्यावर, त्या बाईच्या डोक्याच्या वर, जिथे मंचावर फक्त काळं कापड होतं, तिथे तीन निळसर ज्योती तरंगत होत्या.

हॉलभर एकच उसासा गेला. पहिल्या रांगेतले किसनराव, अकोटचे भाजीचे व्यापारी, उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. फोटो त्यांच्या बायकोचा होता. महाराजांनी कॅमेरा हळूच डावीकडे वळवला. पडद्यावरचा फोटो उजवीकडे सरकला, मेणबत्त्याही सरकल्या. त्या तीन ज्योती मात्र उलट्या दिशेला, डावीकडे निघाल्या.

"पाहिलंत?" महाराज म्हणाले. "माऊली जायला निघाली आहे. देहाची चौकट तिला धरून ठेवू शकत नाही."

किसनराव खाली बसले ते रडतच. शेजारच्या चार अनोळखी माणसांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातांबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते खरे होते. मला म्हणायचं आहे ते मंचावरच्या माणसाबद्दल.

त्याचं नाव तेजोनाथ महाराज. मूळ नाव धर्मेंद्र. वीस वर्षांपूर्वी हा अकोटला लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. नवरीच्या डोक्यावर गुलाब फिरवायचे, नवरदेवाला बदामाच्या आकारात बसवायचं, ही त्याची त्या काळातली सिद्धी. पुढे लोकांच्या मोबाइलमध्येच गुलाब आले आणि धर्मेंद्रला अध्यात्माची ओढ लागली. आता पांढरा कुर्ता, कानाला अडकवलेला माईक, 'तेजोदृष्टी' नावाचा चॅनल आणि दर महिन्याला एक शिबिर. माईकवर तो पुण्याचं मराठी बोलायचा. चिडला की भाषा परत अकोटला यायची.

दुसऱ्या रांगेत माझी आई बसली होती. तिच्या मांडीवर बाबांची कॅमेऱ्याची बॅग होती. यानंतर तिचीच पाळी होती. बाबांचा कॅमेरा, दोन दिवे आणि तीन लेन्स ती या माणसाला देऊन टाकणार होती, कारण माझे बाबा त्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये अडकले आहेत आणि लेन्स मठात अर्पण केल्याशिवाय सुटणार नाहीत, असं तिला सांगण्यात आलं होतं.

मी तिच्या शेजारी बसले होते. तीन आठवडे तिला समजावून मी हरले होते.

बाबा, म्हणजे धर्मपाल, यांचा बडनेरा रोडला एका खोलीचा स्टुडिओ होता. एकवीस वर्षं त्यांनी सगळ्या जातीधर्मांची लग्नं शूट केली आणि त्यातली बरीच वर्षं आई दिवा धरायला सोबत होती. उंच हात करून चार-चार तास तो तापलेला हॅलोजन धरायचा आणि सावली कुणाच्या नाकावर पडू द्यायची नाही, हे काम अमरावतीत मैनाबाईंइतकं कुणाला जमत नसे, असं बाबा म्हणत. आईला ती स्तुती वाटायची नाही. ती म्हणायची, "खरी गोष्ट हाये, त्यात काय."

लग्नांचं काम कमी झाल्यावर बाबांना स्वतःचा सिनेमा करायचा होता. वरूडला संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करणाऱ्या बायांवर. मी अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दर शनिवारी मी यायची, आम्ही बॅग स्कूटरला बांधून बसस्टँड गाठायचो आणि वरूडची एसटी पकडायचो. मी आधी पुस्तकं वाचून यादी केली होती, कोणता कॅमेरा घ्यावा, कोणता सेन्सर. बाबांनी ती यादी शेवटून वाचायला घेतली. "आदी पाह्य, बाई कुठी बसते," ते म्हणाले. "मंग उजेड कुठून येते ते पाह्य. मंग काच. कॅमेरा सगळ्यात मागून. आणि जे स्कूटरवर बसत नाई, ते आपलं नाई."

लग्नांतलीच पन्नासची लेन्स त्यांनी या कामाला निवडली ती एवढ्याचसाठी की तिच्यामुळे बाईपासून दोन हात लांब राहावं लागतं. तिच्या संत्री निवडणाऱ्या हातांना आपली अडचण होत नाही. मोठे दिवे भाड्याने मिळत होते, ते त्यांनी नाकारले. शेडचं पत्र्याचं दार अर्धं उघडं ठेवायचं, समोर उजेड परतवायला थर्माकोलची एक शीट उभी करायची, झालं. शेडमधल्या आशाबाईंचा चेहरा त्या उजेडात असा दिसायचा, की मला वाचलेलं सगळं विसरायला व्हायचं.

सिनेमा पाऊण झाला आणि जानेवारीच्या शेवटी बाबा गेले. छातीत कळ, दोन तास, संपलं.

आमच्या घरी आत्मा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. बावीस प्रतिज्ञा आईला पाठ आहेत. पितरांना पान नाही, पिंड नाही, अंगात येणं नाही. एखादी शेजारीण अंगारा घेऊन आली, तर आई तो दारातच चुलीतल्या राखेइतका स्वस्त करून परत पाठवायची. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली बाबांचा फोटो, तीन मेणबत्त्या, वंदना, आणि जेवण. एवढंच.

त्या दिवसाचं शूटिंग माझा चुलतभाऊ संघपाल याने केलं, बाबांच्याच कॅमेऱ्यावर, बाबांच्याच पन्नासच्या लेन्सने. संघपाल अकोट तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो. त्यालाही सिनेमा करायचा आहे. म्हणून तो महिनाभर आधी तेजोनाथांच्या 'सिनेसाधना' शिबिराला जाऊन आला होता. स्वतंत्र सिनेमा करणाऱ्यांनी कॅमेरा, लेन्स आणि दिवे कसे निवडावेत, हा शिबिराचा विषय. तिथे जे ज्ञान मिळालं, ते त्याने वहीत उतरवून आणलं होतं. ती वही मी वाचली आहे. बॅटऱ्या बदलण्यापासून माणसाच्या मोक्षापर्यंत त्यात सगळं होतं. झूम न होणारी लेन्स सात्त्विक, कारण तिचं मन स्थिर. झूम राजस, कारण ती भटकते. सगळं फुगवून वाकवणारी फिशआय लेन्स तामस. फुलफ्रेमचा मोठा सेन्सर म्हणजे पूर्णब्रह्म आणि लहान सेन्सर म्हणजे अपुरं पुण्य. मेष राशीच्या दिग्दर्शकाने वाइड लेन्सच्या नादी लागू नये. विजेचा दिवा जड, ज्योतीचा प्रकाश सूक्ष्म, म्हणून तेज टिपायचं तर वीज बंद. ज्योत चौकटीच्या मधोमध कधी ठेवू नये, तिचा अपमान होतो. आणि लेन्सच्या तोंडावर महाराजांची 'सिद्ध काच' कायम असावी.

विज्ञानाच्या शिक्षकाने हे सगळं सुवाच्य अक्षरात, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ ओढून लिहिलं होतं.

दोन दिवसांनी त्याने पुण्यानुमोदनाची क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. वंदनेच्या वेळी दिवे मालवले होते. बाबांच्या फोटोवर, काळोखात, तीन ज्योती तरंगत होत्या. संघपालने खाली काही लिहिलं नव्हतं. त्याची हिंमत झाली नव्हती. पण त्याने ती क्लिप महाराजांना पाठवली आणि महाराजांनी आईला फोन केला.

आईला मी सांगितलं की हा प्रकाशाचा खेळ आहे, लेन्समध्ये उजेड उसळतो, असं होतं.

"तुह्या बाबानं एकवीस वर्षं हेच केलं," आई म्हणाली. "याच लेन्सनं, असेच दिवे. समया काय, मेणबत्त्या काय. आली का कधी अशी ज्योत? एक तरी क्यासेट दाखव मले."

मी घरातल्या जुन्या फिती पाहिल्या. खरंच नव्हती.

"मी आत्मा मानत नाई," ती पुढे म्हणाली. "आजबी नाई मानत. कोनाच्या अंगात आलं असतं तं मी थुकली असती. पन हे कोनी मानूस सांगून नाई राहिला. कॅमेरा सांगून राहिला. आन कॅमेरा खोटं बोलत नाई, हे मी नाई म्हनत, तुहा बाबा म्हने."

तिथेच तो माणूस पोचला होता. ज्या घरात देवाला जागा नव्हती, त्या घरात तो कॅमेऱ्याच्या दाराने शिरला होता. लेन्स महाराजांच्या सांगण्यावरून पांढऱ्या कापडात बांधलेली होती आणि मला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

हॉलमध्ये आता आमच्या नावाचा पुकारा होणार होता. मंचाच्या कडेला महाराजांचा एक शिष्य पुढच्या माणसांच्या कॅमेऱ्यांची 'शुद्धी' करत होता. कुणी मोबाइल आणला, कुणी कॅमेरा. तो प्रत्येकाच्या लेन्सच्या तोंडावर एक गोल काच बसवायचा, कपाळाला लावून. मोबाइलवर रबराने, कॅमेऱ्याला आट्यांवर फिरवून.

"ही काच कसली?" मी पलीकडे बसलेल्या संघपालला विचारलं.

"सिद्ध काच, ताई. लेन्सले ओरखडा नाई पडत. मले शिबिरात भेटली होती." तो जरा थांबला. "त्या दिवशी मीच लावली होती मोठ्या बाबाच्या लेन्सले. म्हटलं त्याईची लेन्स हाये, आपल्या हातानं काई व्हाले नाई पायजे."

त्याने ते अगदी मायेने सांगितलं. आणि मला लग्नाच्या मांडवातले बाबा दिसले.

लग्नात अक्षता उडतात, हळद उडते, गुलाल उडतो. म्हणून बाबा लेन्सवर एक साधी काच लावून ठेवत. पण समोर समई किंवा मेणबत्ती आली की ते डोळा कॅमेऱ्यावरून न हलवता मागे म्हणायचे, "मैना, काच." आई एका हाताने दिवा सांभाळत पुढे व्हायची, ती काच फिरवून काढायची आणि पदराच्या टोकात गुंडाळून धरायची. दिवे चौकटीबाहेर गेले की परत बसवायची. एकवीस वर्षं. लहानपणी मला वाटायचं, हा लग्नाचाच एखादा विधी आहे.

म्हणून त्या फितींमध्ये ज्योत नव्हती.

"मैनामाई धर्मपाल," महाराजांनी पुकारलं.

आई उठली. मी बॅग घेतली आणि तिच्या मागे मंचावर चढले. महाराजांनी आधी तिच्या पायांना हात लावल्यासारखं केलं, मग सभेकडे वळले. त्यांनी सांगितलं की ही आमची बौद्ध माई आहे, आत्मा न मानणारी, आणि हिच्या घरी साक्षात त्रिसरण प्रकटलं. तीन ज्योती, बुद्ध, धम्म, संघ. दहा मिनिटांपूर्वी किसनरावांच्या बायकोच्या तीन ज्योती ब्रह्मा, विष्णू, महेश होत्या. ज्योती त्याच, मेणबत्त्या त्याच. गिऱ्हाईक बदललं की देव बदलत होते.

बाबांचा कॅमेरा तिपाईवर चढला, वायर पडद्याला जोडली गेली. शिष्याने पन्नासच्या लेन्सवर काच फिरवून बसवली. किसनरावांच्या बायकोचा फोटो बाजूला ठेवून बाबांचा फोटो मांडला गेला. मी म्हटलं, आमच्यात मेणबत्त्या घरच्यांनी लावायच्या असतात. महाराजांनी उदारपणे मान हलवली.

आईने तीन मेणबत्त्या पेटवल्या. पडद्यावर बाबांचा चेहरा आला आणि त्यांच्या कपाळावर तीन ज्योती उमटल्या. खाली पुन्हा तो उसासा. आईच्या ओठांचे कोपरे हलले. एवढ्या आठवड्यांत मी तिला पहिल्यांदा बाबांकडे बघताना बघत होते आणि मी काय करणार आहे, हे मला माहीत होतं. क्षणभर ते करू नये असं वाटलं. तेवढंही तिच्याकडे राहू नये का, असं. पण बॅग त्या माणसाच्या पायाशी होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशीची एक मेणबत्ती बॅगेत राहिली होती. ती चौथी मी पेटवली आणि तिघींच्या शेजारी ठेवली.

पडद्यावर चौथी ज्योत आली.

सभेत कुजबुज झाली. मागून कुणी म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "हा चौथा कोन व्हय, महाराज?" थोडं हसू फुटलं. तेजोनाथांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"माझे गुरू आहेत. त्यांना यावंसं वाटलं."

माणसं सावरली. काहींनी नमस्कारही केला. खोट्याची हीच गंमत आहे. त्याला एक भोक पाडलं तर ते बुजवायला गाववालेच माती आणतात.

आई मात्र पडद्याकडे बघत राहिली होती. माझी मेणबत्ती बॅगेत वाकली होती, तिची ज्योत एका बाजूला झुकून फडफडत होती. पडद्यावरची चौथी ज्योतही फडफडत होती, दुसऱ्या बाजूला झुकून. आई पुढे झाली. तिने माझ्या मेणबत्तीसमोर तळहात धरला. वर चौथी ज्योत गेली. हात काढला, आली. मग तिने मधल्या मेणबत्तीसमोर हात धरला. मधली गेली.

"उलट्या हायेत," ती हळूच म्हणाली. "ज्योतीचं टोक खाली हाये."

"माई, जिवंतांचं वर असतं, गेलेल्यांचं खाली," महाराज म्हणाले. "आता अर्पण करा. मुहूर्त टळतो आहे."

मी आईच्या कानाजवळ गेले.

"आई," मी म्हटलं, "काच."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. तिचा हातच पुढे गेला. दोन बोटं, अंगठा, डावीकडे एक फेरा, दीड फेरा. काच निघाली. तिने ती पदराच्या टोकात गुंडाळली आणि मग तिला कळलं की आपण काय केलं.

पडद्यावर ज्योती नव्हत्या. एकही नव्हती. खाली चार साध्या मेणबत्त्या जळत होत्या आणि वर बाबांचा चेहरा होता, स्वच्छ, चष्म्यासकट.

आईने काच पुन्हा बसवली. चार ज्योती. काढली. काही नाही. बसवली. काढली. तिसऱ्यांदा काढली, तेव्हा महाराज माईक विसरले.

"ओ बाई, काय करून राहिली? ठेव ते तिथं. तुले काई समजते काय त्यातलं?"

सगळ्या हॉलमध्ये तो अकोटचा धर्मेंद्र घुमला.

"त्यातलंच समजते," आई म्हणाली. तिला माईक नव्हता, पण लग्नाच्या बँडवरून आवाज पोचवायची तिला सवय होती. "माह्या मालकानं एकवीस वर्षं जे खराब म्हनून येऊ नाई देल्लं, ते तू चमत्कार म्हनून दाखवून राहिला काय? तू तं मिक्सिंगवाला व्हय ना रे? तुले हे पैल्या दिवसापासून मालूम हाये."

कुणीतरी पडदा ओढला. मार्चचं ऊन हॉलमध्ये आलं आणि सगळं जितकं होतं तितकंच दिसायला लागलं. काळं कापड भोकाभोकांचं होतं. महाराजांच्या कुर्त्याच्या काखा ओल्या होत्या.

संघपाल मंचावर आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने आईच्या हातातली काच घेतली, उजेडात धरली आणि विज्ञानाच्या शिक्षकाने जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, ते त्या दिवशी सांगितलं. शेवटी सांगितलं, म्हणून मी त्याला माफ केलं आहे, जवळजवळ.

युक्ती एवढीच आहे. ज्योतीचा उजेड लेन्समधून आत जातो आणि सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, पडतो. सेन्सर आरशासारखा चकचकीत असतो. थोडा उजेड त्याच्यावरून उलटा फिरून लेन्समधून बाहेर निघतो. लेन्सच्या तोंडावर सपाट, हलक्या प्रतीची काच असेल, तर तो तिच्यावर आपटून पुन्हा आत येतो आणि चौकटीच्या बरोबर पलीकडच्या बाजूला, उलटं चित्र काढतो. मेणबत्ती खाली उजवीकडे, तर ज्योत वर डावीकडे. मेणबत्ती डावीकडे सरकली, तर ज्योत उजवीकडे. चांगल्या प्रतीच्या काचेवर हे अंधूक होतं. सिद्ध काचेवर ठळक होतं, कारण तिची एकमेव सिद्धी म्हणजे ती वाईट आहे.

आता संघपालची वही पुन्हा वाचा. विजेचा दिवा नको, कारण उजेडात ते अंधूक चित्र दिसणार नाही. ज्योत मधोमध नको, कारण मग उलटी ज्योत खऱ्या ज्योतीवरच पडेल आणि चमत्कार झाकला जाईल. काच काढायची नाही, हे सांगायलाच नको. वहीतलं निम्मं म्हणजे नुसती बडबड होती, राशी, गुण, पूर्णब्रह्म. उरलेलं निम्मं युक्तीचं सामान होतं. भोंदूचे नियम कधी नुसतेच पाळू नयेत आणि नुसतेच हसण्यावारीही नेऊ नयेत. नीट वाचावेत. तो कशाला घाबरतो ते त्यात लिहिलेलं असतं.

किसनराव त्यांच्या बायकोचा फोटो उचलून, कुणाकडे न बघता, निघून गेले. जाताना त्यांनी आईला हात जोडले. ते आभार होते की आणखी काही, मला कळलं नाही. धर्मेंद्रबद्दल नंतर ऐकलं ते एवढंच की तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला आहे आणि आता ड्रोनने वास्तुदोष बघतो.

घरी परतताना ऑटोमध्ये आई बॅग मांडीवर धरून बसली होती. गाडगेनगर आल्यावर तिने बॅगेची चेन तपासली. मग म्हणाली, "म्हनजे ते नाईच ना मंग."

"नाही, आई."

"कुठीच नाई."

"नाही."

तिने मान हलवली. हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. ते पहिल्यांदा कळलं ते त्या ऑटोत. मीही ते पुस्तकांतच वाचलेलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता, एकमेकींच्या हातावर हात ठेवून बसलो. भोंदूला बाबांच्या नावाने ज्योत दाखवता येत होती. त्यांचं नसणं त्याला दाखवता येत नव्हतं.

लोक मला म्हणतात, काय बिघडलं असतं? म्हातारीला तेवढा दिलासा मिळाला असता. त्यांना मी सांगते, तो दिलासा नव्हता. महाराजांनी तिला सांगितलं होतं की तिचा नवरा एका लेन्समध्ये कोंडला गेला आहे आणि त्याच्या सुटकेला तिचा हात आखडतो आहे. तीन आठवडे माझी आई त्या भीतीने झोपली नव्हती. आधी कोंडायचं, मग सोडवायचं आणि मधल्या मधे बॅग ठेवून घ्यायची, याला दिलासा म्हणत नाहीत.

पुढच्या शनिवारी आम्ही वरूडला गेलो. मी कॅमेऱ्यामागे, संघपाल आवाजाला आणि थर्माकोलची शीट आईच्या हातात. शेडमधल्या बायांना बातमी आधीच कळली होती. आशाबाईंनी काम थांबवून विचारलं, की बाई, खरंच ज्योत दिसे काय. आईने शीट माझ्याकडे दिली, संघपालने परत दिलेली ती काच पदराच्या गाठीतून काढली, बॅगेतून मेणबत्ती काढली आणि पत्र्याचं दार लावून घ्यायला सांगितलं. कॅमेऱ्याच्या लहान पडद्याभोवती दहा-बारा बाया गोळा झाल्या. आईने काच बसवली. बायांनी "अगं माय" केलं. काढली. पुन्हा बसवून तिने ती आशाबाईंनाच काढायला लावली, मग तिच्या शेजारणीला, मग तिसरीला. आपल्या हाताने काढल्याशिवाय कुणालाही ती पुढे जाऊ देईना.

वाचणाऱ्यांना माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यासमोर कुणी चमत्कार मांडला, तर भांडू नका, नमस्कारही करू नका. समोरच्या गोष्टींतली एकेक बाजूला काढून बघा. दिवा काढा, पडदा काढा, काच काढा. जी काढायला तो नाही म्हणेल, तीच आधी काढा. आणि त्यासाठी फार शिकावं लागत नाही. माझी आई सातवी पास आहे.

शेवटच्या बाईची पाळी झाली तेव्हा आईने मेणबत्ती विझवली, काच पुन्हा पदरात बांधली आणि मला म्हणाली, "दार अर्दं उघड आता. आशाबाईच्या तोंडावर उजेड नाई."

मी दार उघडलं.